वेग नको, उशीर मोज

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रोजेक्टच्या आराखड्यात ‘प्रकाशाचा वेग सेकंदाला ०.२ मिलिमीटर’ ठळक अक्षरांत आहे. आकडा खोटा नाही. २००८ साली फ्रान्समधल्या नीसला रेसिडोरी, बोर्तोलोत्सो आणि हुइन्यार या संशोधकांनी द्रव-स्फटिकाच्या लाइट व्हॉल्व्हमध्ये (उजेडाने चालणाऱ्या पातळ सेलमध्ये) प्रकाशाच्या पल्सचा, म्हणजे एका ठोक्याचा, याहूनही कमी वेग दाखवला. गोगलगाय बरी! पण द्रव-स्फटिकाचा थर जेमतेम १४ मायक्रॉनचा. तेवढ्याला त्या वेगाने लागतात ७० मिलिसेकंद. तुला मोजायचे आहेत ते हे ७० मिलिसेकंद. वेग नुसता भागाकार आहे.

व्हॉल्व्हची एक भिंत काचेची, दुसरी बीएसओ (बिस्मथ सिलिकॉन ऑक्साइड) स्फटिकाची, मधे नेमॅटिक, म्हणजे रेणू एका दिशेने लागलेला द्रव-स्फटिक. पंप (सतत चालू असलेली) आणि सिग्नल (जिची पल्स मोजायची ती) या दोन हिरव्या शलाका एकमेकींवर पडल्या की पट्टे उमटतात. उजेडाच्या पट्ट्यात बीएसओचा रोध घटतो, तिथे द्रव-स्फटिकाला व्होल्टेज जास्त मिळतं, रेणू कलतात. झाली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश वळवणारी पट्ट्यांची जाळी, तयार. रेणू कलायला वेळ घेतात, म्हणून सिग्नल रेंगाळतो.

यातूनच पहिली चूक होते. रेणूंना १०० मिलिसेकंद लागत असतील आणि तू सिग्नलची १० मिलिसेकंदांची पल्स सोडलीस, तर ग्रेटिंगला तिचा पत्ताच लागणार नाही. पल्स २००-३०० मिलिसेकंदांची ठेव. थर निम्मा केलास तर रेणू चौपट चपळ होतात, पण उशीरही आटतो. दोन्ही हवं म्हणून भागत नाही.

शलाकांमधला कोन ५ मिलिरेडियन धरलास तर ५३२ नॅनोमीटरला पट्टे सुमारे १०६ मायक्रॉनवर येतील. थरापेक्षा रुंद, हवे तसेच. दोन्ही शलाकांचं ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) रेणूंच्या दिशेने हवं. व्होल्टेज एसीच दे, २० व्होल्टच्या आसपास. डीसीने आयन भिंतींशी साचतात आणि मापन सरकत राहतं. पंखा, एअर कंडिशनर बंद कर, टेबलावर झाकण घाल. पट्टे हलले की ग्रेटिंग पुसली जाते. खोलीतले दिवेसुद्धा बंद; बीएसओला तो उजेडही कळतो.

आधी पंप अडवून नुसत्या सिग्नलची नोंद घे, मग पंप सोडून. दोन शिखरांतलं अंतर म्हणजे उशीर. मात्र विवर्तनाचा कोणता क्रम (ग्रेटिंगमधून वेगवेगळ्या कोनांत फुटणाऱ्या शलाकांपैकी कोणती) बघतेस ते लिहून ठेव. काही क्रमांत शिखर उलट आधी येतं.

प्रकाशाच्या साठवणुकीला हा व्हॉल्व्ह नको, अझो रंग (ज्याचे रेणू प्रकाशाने रूप बदलतात) घातलेला कायरल, म्हणजे पिळदार रचनेचा, द्रव-स्फटिक घे. त्यात प्रकाश कोंडला जात नाही. रंगाच्या रेणूंत उरतो तो त्याचा ठसा. पंप परत लावला की ठसा वाचता येतो, रेणू मूळ रूपात यायच्या आत. तेव्हा ‘प्रकाश थांबवला’ असं मथळ्यात लिहू नकोस.

तुझा,
बाबा