काळ्या दगडाचं कूळ

पुणे
१२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन आंबेनळी घाट पोलादपूरपासून महाबळेश्वरपर्यंत चढायचा, वाटेत बेसाल्टचे (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचे) नमुने घ्यायचे आणि त्यांचे स्ट्रॉन्शियम-निओडिमियम समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) मोजायचे, हा बेत फक्कड आहे. तू दोनच गोष्टी विचारल्यास: दगड निवडायचा कसा, आणि आकडा हाती आल्यावर पृथ्वीबद्दल नेमकं काय म्हणता येतं. दुसरीपासून सुरू करतो. ती डोक्यात बसली की पहिलीत कुठे हयगय चालत नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

'समस्थानिक म्हणजे वय' हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते आधी काढ. तुमच्या कामात हा आकडा वय सांगत नाही, दगडाचं कूळ सांगतो. रुबिडियम-८७ मोडून स्ट्रॉन्शियम-८७ होतं, अर्धायुष्य सुमारे ५,००० कोटी वर्षं. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र आहे तेवढंच राहतं. म्हणून ८७/८६ हे गुणोत्तर किती चढलं हे त्या पदार्थात रुबिडियम किती होतं आणि किती काळ होतं यावर ठरतं. प्रावरण (कवचाखालचा पृथ्वीचा जाड थर) वितळतं तेव्हा रुबिडियम स्ट्रॉन्शियमपेक्षा जास्त उतावळेपणाने वितळलेल्या रसात जातं, आणि तो रस शेवटी कवचात जाऊन बसतो. म्हणजे कवच रुबिडियमने श्रीमंत, मागे उरलेलं प्रावरण गरीब.

फळ्यावर हे गणित करून दाखव. २५० कोटी वर्षांपूर्वी प्रावरण आणि कवच दोघांचं गुणोत्तर ०.७०१५ होतं असं धर. प्रावरणात रुबिडियम-स्ट्रॉन्शियम प्रमाण ०.०३, तर आज ते ०.७०४६ वर येतं. ग्रॅनाइटी कवचात हेच प्रमाण ०.५, तर आज ०.७५३. एकाच घरातून निघालेले दोन भाऊ, आणि फरक दुसऱ्या दशांश स्थळावर! आपली यंत्रं पाचव्या स्थळापर्यंत मोजतात. लाव्हाने वर येताना कवचाचा घास घेतला असेल तर तो लपत नाही.

निओडिमियमचं चक्र उलटं फिरतं. समेरियम-१४७ पासून निओडिमियम-१४३ होतं, पण इथे वितळताना जनक मूलद्रव्य मागे प्रावरणात जास्त राहतं. त्यामुळे जुन्या कवचाचं निओडिमियम गुणोत्तर खाली पडत जातं. ते एप्सिलॉनमध्ये लिहायचं, म्हणजे कॉन्ड्राइट (सौरमालेच्या मूळ मालाच्या) उल्कांच्या ०.५१२६३८ या किमतीपासून दहा हजारात किती फरक. प्रावरणाचा रस अधिक, जुनं कवच उणे.

याच युक्तीचं टोक पाहायचं तर समेरियम-१४६ कडे बघ. त्याचं अर्धायुष्य १० कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या पहिल्या ५० कोटी वर्षांतच ते जवळपास संपलं. तरीही ग्रीनलंडच्या इसुआतल्या ३७०-३८० कोटी वर्षं जुन्या दगडांत त्याचं अपत्य निओडिमियम-१४२ दहा लाखात दहा-पंधराने जास्त सापडतं (२००३ पासून हे मोजलं गेलंय). तेवढ्यावरून कळतं की प्रावरणाची वाटणी पृथ्वीच्या बालपणीच झाली होती. त्यापुढची गोष्ट मुलांना मुद्दाम सांग. २००५ मध्ये असं निघालं की सगळ्या पृथ्वीचंच निओडिमियम-१४२ कॉन्ड्राइटांहून सुमारे २० पीपीएम (दहा लाखात वीस) जास्त आहे, आणि त्यावर 'खोल दडलेल्या जलाशयाचा' मोठा डोलारा उभा राहिला. २०१६ मध्ये दिसलं की बहुतेक फरक सौरमालेतली मूळ धूळ सगळीकडे सारखी मिसळलेली नव्हती म्हणून आहे. मोजमाप दोन्ही वेळा बरोबर होतं, तुलना कुणाशी करायची ते चुकलं होतं.

आता घाट. खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर असे तीन थरसमूह आणि डोक्यावर जांभा. पोलादपूरच्या खाली बुशे हा आणखी एक थरसमूह. डोळ्यांना सगळा दगड काळाच. १९८५ मध्ये कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या थरांची वाटणी रसायनावरून केली ती याचसाठी. लाव्हा वाहिला त्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या स्ट्रॉन्शियम गुणोत्तरात बुशे ०.७१३ ते ०.७२०, पोलादपूर साधारण ०.७०५ ते ०.७११ असं पसरलेलं, आणि आंबेनळी एकदम ०.७०४ च्या आसपास, एप्सिलॉन निओडिमियम अधिकात. म्हणजे घाट चढताना लाव्हा स्वच्छ होत जातो. जुनं कवच कोणतं, याचा पुरावाही लांब नाही: कोयनेला रासाटीजवळच्या विंधन विवरात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला.

किती कवच मिसळलं याचा अंदाज असा काढायचा. लाव्हात आणि कवचात स्ट्रॉन्शियम सारखंच २०० पीपीएम, गुणोत्तरं ०.७०४ आणि ०.७३० धर. दहा टक्के कवच घातलं की ०.७०६६. निओडिमियम लाव्हात १५ पीपीएम, एप्सिलॉन +५, कवचात ३० पीपीएम आणि −२५. त्याच दहा टक्क्यांना एप्सिलॉन थेट −०.५ वर! कवचात निओडिमियम दुप्पट म्हणून ते जास्त ओढतं, आणि आलेखावर सरळ रेष न येता वाकडी येते. मुलं हमखास सरळ रेष जुळवायला जातात, त्यांना थांबव. महाबळेश्वर थरात आणखी एक गंमत: एप्सिलॉन उणेत जातं, पण स्ट्रॉन्शियम फारसं चढत नाही. तिथे वरच्या ग्रॅनाइटी कवचावर खापर फोडता येत नाही. खालचं कवच की खंडाखालचं जुनं प्रावरण, हा वाद अजून मिटलेला नाही. आणि बुशे-पोलादपूरमध्ये गुणोत्तरासमोर मॅग्नेशियम मांडून बघा. जास्त मॅग्नेशियमवाला, म्हणजे जास्त गरम लाव्हा अधिक दूषित दिसतो. गरम रसानेच भिंती जास्त वितळवल्या. लाव्हा थंड होत स्फटिक टाकता टाकता कवच खातो, हे नेहमीचं चित्र इथे उलटं पडतं, आणि मला विचारशील तर मुलांच्या प्रबंधाचा खरा विषय हाच.

नमुने. प्रत्येक प्रवाहाच्या मधल्या घट्ट भागातून घ्या. माथ्याचा फुगीर, पोकळ्यांचा भाग टाळा, तिथे झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोट्या भरलेल्या असतात आणि त्यांचं स्ट्रॉन्शियम भूजलाचं असतं. बारीक कणांच्या बेसाल्टचा एक किलो पुरतो. मोठ्या प्लॅजिओक्लेजचा (पांढरट फेल्डस्पार खनिजाचा) दगड भेटला, स्फटिक बोटाच्या पेराएवढे, तर पाच किलो घ्या, आणि लक्षात ठेवा की स्फटिक आणि भोवतालचा रस वेगवेगळ्या कुळाचे असू शकतात. तांबूस कड दिसली की ती जागेवरच फोडून टाका, घरी न्यायची नाही. उंचीसाठी जीपीएसवर विसंबू नका. उभ्या कड्याखाली ते सहज दहा-वीस मीटर चुकतं आणि तेवढ्यात एक प्रवाह गडप होतो. दाबमापक घ्या आणि दर दोन तासांनी माहीत असलेल्या उंचीवर जुळवा. थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत, एक अंशाहूनही कमी, पण वीस किलोमीटरवर 'तीच उंची म्हणजे तोच प्रवाह' हे गृहीत फसतं.

प्रयोगशाळेत हातोड्याचे आणि करवतीचे लोखंडी ओरखडे घासून काढा, चिपा अल्ट्रासॉनिकमध्ये शुद्ध पाण्याने धुवा, भिंगाखाली पांढरा ठिपका दिसेल ती चिप फेका. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. दळायला अगेटचं (कठीण गारेचं) भांडं. टंगस्टन कार्बाइडचं भांडं स्ट्रॉन्शियमला चालेल, पण पुढे कुणी त्याच पुडीवर टंगस्टन समस्थानिक मोजायला गेलं तर त्याला भांडंच मोजावं लागेल. हजार अंशांना तापवून वजनातली घट दोन टक्क्यांवर गेली तर तो नमुना समस्थानिकांसाठी बाद.

विरघळवताना ५० ते १०० मिलिग्रॅम पुडी, पीएफएच्या (टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकच्या) झाकणबंद भांड्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल, ११०-१३० अंशांना दोन दिवस. काच नको, ती विरघळते. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी नसेल तर बाटली उघडायचीच नाही, हायड्रोफ्लोरिक कातडीवर लागलं तरी आधी दुखेलच असं नाही. वाळवल्यावर तळाशी पांढरा फ्लोराइडचा थर उरतो. मुलं त्याला 'न विरघळलेला दगड' समजून ओतून देतात आणि त्याबरोबर निओडिमियमही जातं. नायट्रिकने दोनदा वाळवा, मग ६ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिकमध्ये रात्रभर गरम ठेवा. द्रावण काचेसारखं नितळ होईपर्यंत पुढे जाऊ नका. पायाच्या ग्रॅनाइटचा नमुना मिळाला तर मात्र गरम तबकडीवर त्यातला झिरकॉन (चिवट खनिज) विरघळत नाही, त्याला पोलादी कवचातलं टेफ्लॉन भांडं आणि दोनशे अंशांच्या आसपास काही दिवस लागतात.

मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करायचं कारण असं: रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यंत्राला एकच वाटतात. म्हणून स्ट्रॉन्शियमचं खास रेझिन (ते मूलद्रव्य धरून ठेवणारे मणी), त्यावर नमुना ३ नॉर्मल नायट्रिकमध्ये. रुबिडियम आणि बाकी सगळं धुऊन जातं, स्ट्रॉन्शियम शेवटी शुद्ध पाण्याने उतरवायचं. धुवण फेकू नका, निओडिमियम त्यातच आहे. ते आधी कॅटायन रेझिनवरून, मग समेरियमपासून तोडायला दुसऱ्या स्तंभावरून, ०.२५ नॉर्मलच्या आसपासच्या हायड्रोक्लोरिकने. हा दुसरा स्तंभ नाजूक. आम्लाची तीव्रता किंवा खोलीचं तापमान थोडं हललं की निओडिमियमचा वाटा पुढेमागे सरकतो. नवं आम्ल केलं की स्तंभ पुन्हा तपासायचा, मागच्या वहीतला आकडा चालवायचा नाही. दर दहा नमुन्यांमागे एक कोरा नमुना, म्हणजे दगड न घालता सगळी प्रक्रिया. त्यात स्ट्रॉन्शियम दोनशे पिकोग्रॅमच्या (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) आत हवं. क्लेअर पॅटरसनने उल्कांतल्या शिशावरून १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं, त्याआधीची त्याची वर्षं हवेतलं आणि आम्लातलं शिसं प्रयोगशाळेबाहेर काढण्यातच गेली.

यंत्रावर, म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापकात, नमुना ठेवलेला तंतू तापताना हलकं समस्थानिक आधी उडतं, म्हणून ८६/८८ गुणोत्तर ०.११९४ धरून दुरुस्ती होते. ते यंत्र करतं. तुम्ही पाहायचं ते ८५ वस्तुमानावरचं रुबिडियम. ते उतरलेलं नसेल तर तापमान हळू चढवून जाळू द्यायचं, घाईने मोजलेलं गुणोत्तर फुगलेलं असतं. एनबीएस ९८७ हे मानक ०.७१०२५ द्यायला हवं आणि हवाईचं बीएचव्हीओ-२ हे बेसाल्ट ०.७०३४८. पहिलं बरोबर आणि दुसरं चुकलं, तर यंत्राला दोष देऊ नका. चूक रसायनात आहे.

शेवटी वयाची वजावट, म्हणजे दगड झाल्यानंतर चढलेलं गुणोत्तर काढून टाकणं. बुशेसारख्या दगडात रुबिडियम ३० आणि स्ट्रॉन्शियम २०० पीपीएम असेल तर ६.६ कोटी वर्षांत गुणोत्तर सुमारे ०.०००४ चढलं. आंबेनळीसारख्यात, ५ आणि २२० पीपीएमला, फक्त ०.००००६. म्हणजे इथे वय थोडं चुकलं तरी कुळाचं चित्र बदलत नाही, आणि या गुणोत्तरांवरून वयही निघत नाही.

वयासाठी वेगळे रस्ते. बेसाल्टच्या प्रवाहांत झिरकॉन सहसा मिळत नाही, पण दोन प्रवाहांमधल्या तांबड्या मातीच्या थरांत दुरून आलेल्या राखेतला सापडतो. तो ९०० अंशांना दोन-तीन दिवस तापवून, आम्लाने खराब भाग खाऊ देऊन, उरलेलं युरेनियम-शिसं मोजलं की ३०-५० हजार वर्षांपर्यंत नेमकेपणा येतो. दुसरा रस्ता प्लॅजिओक्लेजमधल्या आर्गॉनचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही बाजूंचे निकाल एकाच वेळी 'सायन्स'मध्ये आले. झिरकॉनवाल्या श्योने आणि सहकाऱ्यांना चार जोरदार उमाळे दिसले, त्यातला पोलादपूरचा मोठा उमाळा मेक्सिकोतल्या उल्काघाताच्या (डायनासोर संपण्याशी जोडला जातो तो) काही दहा हजार वर्षं आधी. आर्गॉनवाल्या स्प्रेन आणि सहकाऱ्यांना सलग वाहणं दिसलं आणि बराचसा लाव्हा आघातानंतरचा. तुमच्या पायाखालचाच दगड, तोच घाट. म्हणून मुलांना तांबड्या थरांच्या जागा वहीत सेंटिमीटरपर्यंत नोंदवायला लाव, तिथला झिरकॉन तुम्ही मोजणार नसलात तरी. आणि तो थर फक्त कुजलेल्या बेसाल्टचा आहे की त्यात राखेचा कण आहे, याचा पहिला अंदाज हाताने घेता येतो: चिमूटभर माती पाण्यात धुवायची आणि तळाशी उरलेला जड गाळ खडूसारखा मळकट आहे की चकाकणारा ते बघायचं.

पुड्या वीस मिलिलिटरच्या धुतलेल्या प्लास्टिक बाटल्यांत, झाकणावर नव्हे तर अंगावर क्रमांक लिहून पाठव. झाकणं अदलाबदल होतात.

तुझा,
अन्या