सूचना : तासांची वही, करार आणि एक फोन नंबर

नमस्कार मंडळी,

कोचिंग (म्हणजे संभाषणातून क्लायंटला त्याची उद्दिष्टं गाठायला मदत करणं, शिकवणी नव्हे) सुरू करताना कोर्स, तास आणि करार यांचं काय करायचं, असे नव्या सभासदांचे तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

महागड्या कोर्सची फी भरण्याआधी आयसीएफच्या (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, कोचना प्रमाणपत्र देणारी जागतिक संस्था) संकेतस्थळावरची आठ कौशल्यं आणि आचारसंहिता वाचा. फुकट आहे. त्यांच्या एसीसी या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला किमान ६० तास प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. त्यावरच्या पीसीसीला अनुक्रमे १२५ आणि ५००.

कोचिंगच्या तासांची वही मात्र आजच घाला. क्लायंटचं नाव, ईमेल, पहिल्या आणि शेवटच्या सत्राची तारीख, पैसे घेऊन किती तास, विनामूल्य किती. नाव नोंदवायची परवानगीही तेव्हाच घ्या. मी दोन वर्षं चालढकल केली आणि मग जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उपसत बसले. तीसेक तासांची नोंद गेली ती गेलीच.

करार दोन पानांचा पुरे, पण फी, ऐनवेळी रद्द झालेलं सत्र आणि गोपनीयता यांवर स्पष्ट हवा. बिझनेस कोचिंगमध्ये पैसे कंपनी देते, समोर बसतो मॅनेजर. कंपनीला काय कळवणार, हे सुरुवातीलाच तिघांत ठरवा.

जुन्या मंडळींनो, प्रमाणपत्राचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी असतं. तारखा तपासा!

आणि क्लायंट रात्र-रात्र झोपत नाही, जगण्यात रस नाही म्हणतो, तर ते आपलं काम नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर त्याला द्या, मराठीतही बोलतात. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.

कराराचा नमुना हवा असेल त्यांनी मला वैयक्तिक मेसेज करा, ग्रुपवर नको.