मोहीम बुडते ती हिशेबात

मा. संपादक,
स. न.

वस्तूची नोंदणी आधी घ्यायची आणि जमलेल्या पैशातून ती बनवायची, अशा क्राउडफंडिंग मोहिमा तळकोकणातले कारागीर आणि गावची मंडळंही करू पाहतात. पण बहुतेक वेळा सुरुवात होते ती देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती फाडावी त्या थाटात. केट्टो, मिलाप या संकेतस्थळांवर आजारपणासाठी पैसे देणारा माणूस प्रामुख्याने दान करत असतो. इथे पैसे भरणारा गिऱ्हाईक असतो. त्याला ठरलेल्या महिन्यात वस्तू हवी असते.

पहिली गफलत होते उद्दिष्टाच्या आकड्यात. समजा, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे दहा अवतारांची चित्रं असलेल्या पारंपरिक पत्त्यांचा, छापील संच १,२०० रुपयांना द्यायचा आहे. संकेतस्थळाचं कमिशन १० टक्के धरलं तर १२० रुपये, ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या पेमेंट गेटवेचे २ टक्के म्हणजे २४, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, सुमारे २६. एकूण १७० गेले, हातात उरले १,०३०. छपाई आणि पेटी ५५०, पॅकिंग ६०, पार्सल १२० असे आणखी ७३० वजा करा. ज्यासाठी मोहीम काढली त्या मूळ कामासाठी एका संचामागे सुटतात जेमतेम ३००. कामाला ७५,००० लागणार असतील तर २५० संच गेले पाहिजेत, म्हणजे उद्दिष्ट ३ लाखांचं हवं. लोक उद्दिष्ट लावतात ७५,०००. ते ६३ जणांत पुरंही होतं, मोहीम ‘यशस्वी’ ठरते आणि हाती उरतात १८,९००. मोहिमेच्या अपयशापेक्षा हे वाईट, कारण आता ६३ जणांना वस्तू द्यायला आपण बांधलेले असतो.

वस्तूवर जीएसटी लागत असेल तर तोही त्याच ३०० मधून जाणार. राज्याबाहेर विकायचं म्हटलं की बहुतेक वस्तूंना उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकलांना अटींवर सूट आहे, पण आपली वस्तू त्यात बसते का हे मोहिमेआधी विचारून घ्यावं.

पार्सलचा खर्च सगळेच कमी धरतात. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येईल ते किलो धरतात. लाकडी फळांची परडी भरली तर किलोभर, पण खोका ३० × २५ × २० चा असला की बिल तीन किलोंचं. म्हणून आधी खोका ठरवावा, मग किंमत. एक रिकामा खोका कागद कोंबून कुरिअरच्या काउंटरवर नेला तर खरा दर तिथेच कळतो.

बक्षिसाचे टप्पे, म्हणजे किती रुपये भरले की कोणती वस्तू, तीन-चार पुरेत. शंभर रुपयांत पोस्टकार्ड वगैरे ठेवण्यात अर्थ नाही, पत्ते लिहिण्यातच दिवस जातात. हाताने रंगवलेला संच मात्र जरूर ठेवावा, पण मोजून. दशावतारी संचात १२० पानं असतात. एका चित्रकाराची रोज पाच पानं झाली तरी एका संचाला २४ दिवस लागतात. तीन महिन्यांत जास्तीत जास्त तीन संच होतील, तर तीनच विकायला ठेवावेत. ‘मागणी आली तर बघू’ म्हणणारे इथेच अडकतात.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टर या अमेरिकी क्राउडफंडिंग संकेतस्थळावरील मोहिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडणाऱ्या मोहिमा उद्दिष्टाच्या आसपासही फिरकत नाहीत आणि पार पडणाऱ्या बहुधा उद्दिष्टाच्या थोड्याच पुढे जातात, असं त्यात दिसलं. आम्हाला वाटतं, अनोळखी माणूस बहुधा बरीचशी भरलेली मोहीम बघूनच पैसे काढतो. तेव्हा पहिल्या दोन दिवसांत २५-३० टक्के रक्कम ओळखीच्यांतून आली पाहिजे. वरच्या हिशेबात ३० टक्के म्हणजे ७५ जण होतात. ते मुंबईच्या मंडळात, डोंबिवली-विरारच्या चाकरमान्यांत सापडतील, पण फोन करून. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला अंगठा म्हणजे नोंदणी नव्हे. ७५ खात्रीचे हवेत तर दीडशे-दोनशे नावांची यादी आधी तयार हवी.

ही नावं गणपतीत घ्यावीत, पण पैसे तेव्हा मागू नयेत. सणात खिसा रिकामाच असतो. मोहीम दिवाळीनंतर, पगार झाल्यावर उघडावी, ३० दिवस चालवावी आणि वस्तू शिमग्यापर्यंत द्यायचं कबूल करावं. जुलै-ऑगस्टचा वायदा तर करूच नये. दमट हवेत छापील पानं वाकतात, लाकडाला बुरशी धरते आणि घाट बंद पडला की पार्सल अडकतं ते वेगळंच. मॉलिक यांच्याच पाहणीत डिझाइन आणि तंत्रज्ञानाच्या यशस्वी मोहिमांपैकी पाऊण हिश्शाहून अधिकांनी वस्तू उशिरा पोचवल्या होत्या. कारागीर दोन महिने म्हणाला तर मोहिमेच्या पानावर चार लिहा. तरीही उशीर झालाच तर तारीख उलटण्याआधी कळवा, कामाच्या फोटोसकट.

व्हिडिओ दोन मिनिटांचा पुरे. पहिल्या वीस सेकंदांत वस्तू आणि ती बनवणारे हात दिसू देत. माडांवरून फिरणारा ड्रोन आता सगळ्यांनी पाहिलाय.

आपल्या दैनिकाला एक विनंती. अशा मोहिमेची बातमी देताना ‘मदतीचं आवाहन’ असा मथळा देऊ नये. उद्दिष्ट किती, शेवटची तारीख कोणती, रक्कम अपुरी राहिली तर पैसे परत मिळणार की नाही आणि वस्तू कोणत्या महिन्यात पोचणार, एवढं बातमीत छापावं. ही माहिती ज्यांना देता येत नाही, त्यांची बातमी महिनाभर थांबली तरी चालेल.

आपले,
कारागिरांच्या मोहिमांचे हिशेब पाहणारे काही वाचक, कुडाळ