स्टेंट डोक्यातही बसतो, गड्या

दारव्ह्याजवळून, जि. यवतमाळ

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "स्टेंट तर हार्टला टाकतात, वहिनीच्या डोक्यात कुठून आला?" वावरात रेंज नव्हती, बोलणं अर्ध्यात तुटलं. म्हणून सविस्तर लिहितो. स्टेंट म्हणजे दबलेली शीर उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी.

दिवाळीनंतर कापूस वेचायला वाकली की तिच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी यायची. डोकं आधीपासूनच दुखायचं, सकाळी जास्त. रात्री उशीवर कान टेकला की नाडीच्या ठेक्यावर सूं-सूं ऐकू यायचं. आईनं पित्त ठरवलं, शेजारणीनं दृष्ट काढली, चष्मेवाल्यानं नंबर दिला. शेवटी यवतमाळला डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा आतून पाहिला. डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नजरेची नस सुजली होती. म्हणाले, थांबू नका, नागपूर गाठा.

एमआरआयमध्ये गाठ नाही, शिरांत गुठळीही नाही. मग कमरेतून, मणक्यातून, मेंदूभोवती असतं तेच पाणी काढलं. सुई गेली की आधी दाब मोजतात; पाण्याची उंची 25 सेंटिमीटरच्या वर म्हणजे दाब जास्त. हिचा 38! मेंदूभोवतीचं पाणी शेवटी मोठ्या शिरांतल्या रक्तात मुरतं, आणि हिची कानामागच्या बाजूनं जाणारी शीर अरुंद आहे. पाट पुढं दबला की मागचं वावर तुंबतं ना, तसं. पण उलटंही होतं बापा: दाब वाढला की शीर दबते, आणि शीर दबली की दाब आणखी वाढतो.

एका खाजगी दवाखान्यात फोटो पाहताच म्हणाले, स्टेंट टाकून मोकळे व्हा. मला ते रुचलं नाही. अशी अरुंद शीर काही त्रास नसलेल्या माणसांतही सापडते. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकलं: आधी ॲसिटाझोलामाइडच्या, म्हणजे हे पाणी कमी बनवणाऱ्या, गोळ्या आणि वजन कमी. गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, सोडा तोंडाला बेचव लागतो. वजनाचं मात्र तिला झोंबलं. दिवसभर राबणाऱ्या बाईला 'वजन उतरवा' म्हणणं सोपं आहे रे! पण या दुखण्यात वजन उतरल्यानं खरंच फरक पडतो, म्हणून रात्रीचा भात सोडलाय तिनं.

डोकेदुखी थोडी उतरली, पण नजरेची कड तपासणाऱ्या मशीनवर डाव्या डोळ्याची बाजू आणखी काळी दिसली. म्हणून आता स्टेंटची गोष्ट. डोकं दुखतं म्हणून असतं तर मी अजून थांबलो असतो. गेलेली नजर परत येईलच असं नाही.

कवटी उघडत नाहीत. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेतात आणि अरुंद जागेच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजतात. हे ती जागी असतानाच करणार, कारण भुलीत आकडे बदलतात. फरक साधारण 8 मिलिमीटर पाऱ्याच्या वर निघाला तरच स्टेंट बसवायचा. नंतर रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल कित्येक महिने. क्वचित रक्तस्राव होतो, काहींना स्टेंटच्या शेजारीच शीर पुन्हा दबते. डॉक्टरांनी हे लपवलं नाही, म्हणून विश्वास बसला.

तूर निघायच्या आत तारीख मिळेल असं वाटतं. तुझ्या मेहुण्याची नागपूरची खोली आठ-दहा दिवस मिळेल का ते विचार. आईला सोबत न्यावं लागेल, तेव्हा तळमजल्याची असेल तर बरं.

तुझा,
सुधा