‘अजब माहिती’ला दोन ओळी जास्त द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतली ‘अजब माहिती’ची चौकट आमच्या घरी सगळ्यात आधी वाचली जाते. चौथीत शिकणारी माझी नात ती कापून वहीत चिकटवते. गेल्या रविवारी ‘ऑक्टोपसला तीन हृदयं असतात’ एवढंच छापलं होतं. तिने लगेच विचारलं, “तीन कशाला गं आजी?” चौकटीत त्याचं उत्तर नव्हतं.

खरी गंमत तर त्या उत्तरातच आहे. दोन हृदयं रक्त कल्ल्यांतून फिरवतात आणि तिसरं ते बाकीच्या शरीराला पुरवतं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, ऑक्टोपसच्या रक्तात तांबं. म्हणून त्याचं रक्त निळं. पण हे तांब्याचं रक्त प्राणवायू कमी वाहून नेतं, त्यामुळे ते जास्त जोराने फिरवावं लागतं. त्यात पोहताना तिसरं हृदय थांबतं! म्हणून तो पोहून लवकर दमतो आणि तळाशी सरपटत जाणं पसंत करतो. नातीने हे सगळं कात्रणाखाली पेन्सिलीने लिहिलं. जागा संपली तेव्हा समासातून ओळ वर चढवत नेली.

माणसांबद्दलची माहिती अर्धीच दिली, तर मला जास्त खटकतं. फिनियस गेजचा किस्सा आपण मागे छापला होता. 1848 साली अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवचित उडाला आणि मीटरभराहून लांब लोखंडी सळई त्याच्या गालातून घुसून डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव पार बदलला. किस्सा इथेच थांबवला होता. पण हाच माणूस पुढे चिलीला गेला आणि तिथे त्याने कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. अनेक घोड्यांचे लगाम सांभाळायचे, उतारूंना वेळेवर पोहोचवायचं, हे काम बिघडलेल्या माणसाचं नव्हे. अपघातानंतर तो 11 वर्षांहून जास्त जगला. त्याची ही वर्षं वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

‘ऑस्ट्रेलियाने इमूंशी युद्ध पुकारलं’ हेही तसंच. 1932 मध्ये या मोठ्या पक्ष्यांपासून गव्हाची शेतं वाचवायला काही सैनिक दोन मशीनगन घेऊन गेले होते, युद्ध कुणी पुकारलं नव्हतं.

आणि ‘शहामृग वाळूत डोकं खुपसतो’ असंही आपण छापलं होतं, पण तो तसं करत नाही. त्याचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा. त्यातली अंडी तो मान खाली घालून चोचीने फिरवत असतो, ते लांबून तसं दिसतं. धोका वाटला तर तो पळतो, नाहीतर मान जमिनीलगत पसरून निपचित पडतो.

आठवड्याला पाचाऐवजी दोनच गोष्टी द्या, पण त्यांचं कारण द्या, ही कळकळीची विनंती. शहामृगाची दुरुस्तीही छापावी. त्या कात्रणाखाली नातीला मी चार ओळींची जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक