तुमची १८ मिनिटे कोणत्या ओव्हनमधली?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचे नाव या प्रतीत गाळले आहे)

विषय : गोठवलेले ब्रेडेड फिश फिलेट, ४०० ग्रॅम. पाकिटावरची भाजण्याची सूचना, तेलाबद्दलचा दावा आणि माशाचे न छापलेले प्रमाण.

महोदय / महोदया,

तुमच्या पाकिटाच्या मागे छापले आहे : ओव्हन २०० अंशांवर तापवून घ्या, गोठलेले तुकडे तसेच ट्रेवर मांडा, १८ मिनिटे भाजा, मध्ये एकदा उलटा. एवढेच. मी अगदी एवढेच केले. १८ मिनिटांनी जे ताटात आले ते वरून सोनेरी, खालून गिळगिळीत आणि मधोमध अजून बर्फ असलेले होते. ट्रेमध्ये पाणी साचले होते आणि उलटताना निम्म्या तुकड्यांचे कोटिंग ट्रेलाच चिकटून राहिले. ते उलथन्याने खरवडून काढावे लागले.

जेवणाचा बेत साधा होता. वरण-भात, काकडीची कोशिंबीर आणि माणशी एकेक तुकडा मासा. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून आमच्याकडे तळण बंद आहे. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मासा बंद करणे डॉक्टरांच्याही हातात नाही. त्यातून जून-जुलैत मासेमारी बंद. या दिवसांत डोंबिवलीच्या बाजारात जे मिळते ते एकतर खाडीचे, नाहीतर बर्फातले, आणि भाव ऐकून माणूस सुक्या बोंबलांकडे वळतो. म्हणून 'तेल नको, फक्त भाजा' असे ठळक अक्षरांत लिहिलेले तुमचे पाकीट मागवले. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, चावला, थांबले आणि म्हणाले, "ह्येच्यात मासो खंय आसा?" या प्रश्नाकडे मी पुढे येईनच.

शेवटी ते तुकडे मी बिडाच्या तव्यावर तेल सोडून परतले, आणि जे टाळायचे म्हणून पाकीट आणले तेच करून जेवण उरकले.

दुसऱ्या दिवशी तुमच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. तुमच्या प्रतिनिधीचा पहिला प्रश्न : "मॅम, ओव्हन प्रीहीट केला होता का?" दुसरा : "मॅम, ओव्हन किती जुना आहे?" तिसरा प्रश्न नव्हता, सल्ला होता : "एअर फ्रायरमध्ये करून बघा." एअर फ्रायर घ्या असे पाकिटावर कुठे लिहिले आहे ते मी विचारले, तर पुढच्या खरेदीवर १०० रुपये सूट देणारे कूपन आले. मुलगा नम्र होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवला आहे त्यात दोष ग्राहकाच्या ओव्हनचा असतो हे आधीच ठरलेले आहे, तक्रार त्या कागदाबद्दल आहे.

तेव्हा आधी माझ्या ओव्हनबद्दल. तो २५ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे. मध्यमवर्गीय घरांत ओव्हन म्हणून जे असते ते बहुतेक हेच, किंवा कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह. मी त्यात नानकटाई, पाव आणि केक नियमित भाजते, ऑर्डरीही घेते. आत थर्मामीटर कायम टांगलेला असतो, कारण ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवून पाव भाजता येत नाही. त्या थर्मामीटरचा काटा २०० वर आल्यावरच मी तुकडे आत सरकवले. दार उघडून ट्रे ठेवून दार लावेपर्यंत काटा १६० च्या खाली गेला. ओव्हन लहान, आतली हवा थोडी, ती दार उघडताच बाहेर येते. वर फ्रीझरमधून काढलेले गोठलेले तुकडे आत गेलेले. काटा पुन्हा वर चढतोय तोच तुमच्या सूचनेप्रमाणे उलटायची वेळ झाली, म्हणजे पुन्हा दार उघडणे आले. तुमच्या १८ मिनिटांतला फार थोडा वेळ ते तुकडे खरोखर २०० अंशांत होते.

आता ट्रे. पाकिटावरच्या चित्रात सपाट, बंद बुडाचा ट्रे आहे. गोठलेल्या माशातून पाणी सुटणारच. तुमच्याच घटकांच्या यादीत आयएनएस ४५१ आणि ४५२ आहेत, म्हणजे फॉस्फेट, ज्यांचे काम माशात पाणी धरून ठेवणे. ते पाणी गरम झाले की वाफ होऊन कोटिंगमधून बाहेर येऊ पाहते. वरच्या बाजूने ते निघून जाते. खालच्या बाजूला ट्रे आहे, तिथे ते अडकते आणि ब्रेडचा चुरा भिजवते. यासाठी तुकडे जाळीवर ठेवून खाली ट्रे लावायचा असतो. ओटीजीबरोबर जाळी मिळतेच. पाकिटावर 'जाळीवर ठेवा' हे दोन शब्द छापायला किती शाई लागली असती?

माझा संशय असा आहे की ही सूचना इथे तपासलेलीच नाही. ही वस्तू मुळात अमेरिकेतली. १९५३ साली तिथे फिश स्टिक म्हणून बाजारात आली, दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये फिश फिंगर झाली. तिथल्या स्वयंपाकघरात भिंतीत किंवा ओट्याखाली बसवलेला भलामोठा ओव्हन असतो. एकदा तापला की अर्धा किलो गोठलेला माल आत गेल्याचे त्याला फारसे जाणवत नाही. तिथल्या पाकिटावर १८ मिनिटे बरोबर असतील. ती तिथून उचलून इथे छापली असतील, तर ती सूचना नव्हे, सजावट आहे. तपासली असेल, तर किती लिटरच्या, कोणत्या प्रकारच्या ओव्हनमध्ये, किती तुकडे ठेवून, एवढे कळवा. या पत्रातला माझा मुख्य प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर 'आम्हाला खेद आहे' हे नाही.

यात गंमत सोडून एक गंभीर गोष्ट आहे. घरी रवा लावून तुकडी भाजतो तेव्हा आपण रंगावरून ओळखतो. कच्ची पांढरट असते, झाली की बदामी होते. तुमचे तुकडे पिशवीतून बाहेर येतात तेच सोनेरी. कारखान्यात चुरा घट्ट बसावा म्हणून ते आधीच काही क्षण गरम तेलातून काढलेले असतात, आत मासा कच्चा आणि गोठलेलाच राहतो. म्हणजे ज्या खुणेवर गृहिणी विसंबते ती खूण तुम्ही पुसून टाकलेली आहे आणि तिच्या जागी दुसरी दिलेली नाही. माशाच्या आतले तापमान ६३ अंशांवर गेले की तो नीट शिजला असे धरतात. ते छापा. थर्मामीटर सगळ्यांकडे नसतो हेही खरे, मग निदान असे छापा की सर्वांत जाड तुकडा मधोमध मोडून बघा, मांस पांढरे आणि पदर सुटणारे दिसले पाहिजे, काचेसारखे नाही. माझ्या मुलीने तिचा तुकडा मोडला म्हणून आतला बर्फ दिसला. न मोडता खाणारी मुलेही असतात.

आणि जाडीबद्दल बोलायचे तर एकाच पाकिटात काही तुकडे बोटाच्या पेराएवढे जाड होते, काही त्याच्या निम्मे. सगळ्यांना तीच १८ मिनिटे. वेळ वाढवून पाहिला तेव्हा पातळ तुकड्यांचे काठ करकरीत वाळले आणि जाड तुकडे तरीही मध्ये ओलेच.

तेल. दर्शनी बाजूला 'तेल नको'. मागे घटकांमध्ये पामोलिन तिसऱ्या क्रमांकावर, मासा आणि मैद्यानंतर लगेच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम चरबी दिली आहे. आत जो मासा आहे तो बासा, म्हणजे गोड्या पाण्यातला, तळ्यांत पाळलेला मासा, आणि बासात मुळात चरबी फार कमी असते. मग हे ११ ग्रॅम आले कुठून? कारखान्याच्या कढईतून. 'तुम्ही तेल घालू नका, आम्ही घातले आहे' हा खरा मजकूर झाला असता. हृदयरोग्याच्या घरी हे पाकीट कोणत्या शब्दांवर विकले जाते याचा विचार तुमच्या जाहिरात विभागाने करावा, ते केवळ वाकचातुर्य नाही.

आता सासऱ्यांचा प्रश्न. बासा आहे म्हणून मी भांडत नाही. आमच्या घरात बासाला मासा म्हणायलाच कोणी तयार नसते, पण तो आमचा दुराग्रह. काटे नाहीत, वास नाही, मुले खातात, पावसाळ्यात मिळतो. माझे म्हणणे एवढेच की तो किती आहे ते सांगा. उरलेल्या तुकड्यांपैकी एक मी वितळू दिला, चुरा आणि पीठ अलगद काढले आणि स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला. अख्खा तुकडा ७८ ग्रॅम, आतला मासा ४१ ग्रॅम. घरगुती काटा आहे, ग्रॅमभर इकडेतिकडे धरू. तरी पाकिटातला जवळजवळ निम्मा माल मैदा, चुरा आणि तेल ठरतो. दर्शनी चित्रात मात्र पदर सुटलेला, जाडजूड पांढराशुभ्र मासा काट्याने उचलून दाखवला आहे. अन्न सुरक्षा व मानके यांच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार चित्रातून किंवा शब्दांतून ज्या घटकावर भर दिला जातो त्याचे टक्के लेबलवर द्यावे लागतात. तुमच्या पाकिटावर मासा चित्रात आहे, नावात आहे, टक्क्यांत नाही.

ओव्हन बिघडलेला असेल हा तुमच्या प्रतिनिधीचा संशय राहू नये म्हणून मी त्याच ओव्हनमध्ये बासाचीच साधी फिलेट आणून भाजली. फ्रीजमध्ये रात्रभर वितळवली, कापडाने टिपून कोरडी केली, मीठ, लिंबू, आले-लसूण, मिरपूड लावली. शिळ्या पावाचा चुरा चमचाभर तेलावर कढईत आधीच बदामी परतून घेतला. ओटीजी थोड्या वेळात चुऱ्याला रंग आणत नाही, म्हणून रंग आधी आणायचा, ही सगळी युक्ती. तुकडे तांदळाच्या पिठात, मग फेटलेल्या अंड्यात, मग त्या चुऱ्यात घोळवून जाळीवर ठेवले. पंधरा मिनिटांत कुरकुरीत, आतून शिजलेले, खाली पाण्याचा थेंब नाही. सासऱ्यांनी दुसरा तुकडा मागितला. बासा आहे हे मी जेवण झाल्यावर सांगितले.

हे मी पाककौशल्य मिरवायला लिहीत नाही. तोच मासा, तोच ओव्हन, तीच ब्रेडची संकल्पना, आणि माझ्याकडे अन्नतंत्रज्ञ नाहीत. तुमच्याकडे आहेत.

वितरणाबद्दल थोडक्यात : पिशवीत भुरभुरीत बर्फ होता आणि दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले होते, म्हणजे माल वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठला असावा. तो दोष डिलिव्हरी ॲपचा असेल, माझ्या तक्रारीचा तो मुख्य भाग नाही. पण उणे १८ अंशांवर ठेवा असे तुम्हीच छापता, तर तुमच्या आणि माझ्या फ्रीझरच्या मधल्या रस्त्याची चौकशी तुम्हीच करायला हवी.

मला कूपन नको. पाकिटाची पूर्ण किंमत ज्या खात्यातून दिली त्याच खात्यात परत करावी. १८ मिनिटांची चाचणी कशी झाली ते लेखी कळवावे, आणि झाली नसेल तर तसे लिहावे, त्याने माझा तुमच्याबद्दलचा आदर उलट वाढेल. पुढच्या छपाईत ओटीजीसाठी वेगळी वेळ, जाळीचा उल्लेख, शिजल्याची खूण आणि माशाचे टक्के घालावेत. 'तेल नको' हे शब्द काढावेत किंवा त्यांच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत 'आधी तेलातून काढलेले' असे छापावे. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुढे नेईन. लेबलचा मुद्दा अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा जाईल.

सोबत : खरेदीची पावती, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो (बॅच क्रमांक दिसतो), भाजल्यानंतरच्या ट्रेचा आणि मोडलेल्या तुकड्याचा फोटो, काट्यावरचे दोन फोटो.

आपली,
एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)

ता. क. : पाकिटातले उरलेले तुकडे फ्रीझरमध्ये जपून ठेवले आहेत. तुमच्या गुणवत्ता विभागातले कोणी येऊन माझ्या ओटीजीत ते भाजून दाखवणार असेल तर स्वागत आहे, फक्त बुधवार, शुक्रवार किंवा रविवार पाहून या, आणि श्रावण लागायच्या आत. नंतर थेट गणपती गेल्यावर.