ठोक्यावर कट नको: बोलपट नसलेल्या फिल्मबद्दल लेकीस पत्र

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

दादर स्टेशनवरच्या फिल्मचा कच्चा कट, म्हणजे पहिली जोडणी, पाहिली. निवेदन न घालण्याचा तुझा निर्णय योग्य आहे, त्यावर ठाम राहा. अडचण एकच आहे. संगीताच्या जवळजवळ प्रत्येक ठोक्यावर कट पडतो, म्हणजे शॉट बदलतो. सुरुवातीला मजा येते, पण लवकरच पुढचा कट कधी येणार ते डोळ्यांना आधीच कळतं आणि बघणारा विचार करायचा थांबतो. चित्र आणि संगीत एकच गोष्ट सांगत असतील, तर दोघांपैकी एकाची गरजच उरत नाही.

'कोयानिस्कात्सी' (1982) पुन्हा बघ, या वेळी वही घेऊन. दिग्दर्शन गॉडफ्री रेजिओचं, छायाचित्रण रॉन फ्रिकचं, संगीत फिलिप ग्लासचं. 86 मिनिटांत एकही संवाद नाही. त्यातला विमानाचा भाग नीट पाहा. लांब पल्ल्याच्या लेन्समधून धावपट्टीवरचं विमान तापलेल्या हवेत थरथरत आपल्याकडे येतं. इंजिनाची घरघर नाही, फक्त माणसांचे आवाज एकावर एक चढत जातात. कट बराच वेळ येतच नाही. त्या गाण्यामुळे यंत्राकडे आपण भक्तिभावाने बघायला लागतो आणि मग त्या भक्तीचीच शंका येते. हे चित्रात नाही, संगीतातही नाही. दोघांच्या मधे आहे. तुझ्या फिल्मला हीच जागा हवी.

ग्लासने 1960 च्या दशकात पॅरिसमध्ये पं. रविशंकर यांच्याबरोबर काम केलं होतं. छोटे लयगट जोडत, वाढवत रचना उभी करायची त्याची पद्धत तिथून पुढे घडली. झपतालाचे 2-3-2-3 असे विभाग हातावर मोजणाऱ्या तुला ही रीत परकी वाटू नये. तेव्हा तुझ्या ट्रॅकवर आधी टाळी, खाली आणि समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, खुणा लाव. तीनतालाची 16 मात्रांची आवर्तनं असतील, तर चार आवर्तनांत एकदाच समेवर कट घे. बाकीच्या समांवर शॉटमधली हालचाल येऊ दे: फलाटावर टेकणारं पाऊल, बाकावर आपटलेली पिशवी. कट मात्र मात्रांच्या मधे कुठेतरी पडू दे. आणि जो कट ठोक्यावरच हवा आहे, तो एक-दोन फ्रेम आधी टाकून बघ, बहुतेक वेळा तो जास्त नेमका वाटतो.

हिशेबही सांभाळ. सेकंदाला 24 फ्रेम असताना मिनिटाला 120 ठोक्यांची लय म्हणजे ठोक्याला नेमक्या 12 फ्रेम, 96 ची म्हणजे 15. तुझा ट्रॅक 100 चा आहे, म्हणजे 14.4. तू 14-14 फ्रेम मोजून कापलंस, त्यामुळे दहा ठोक्यांत चार फ्रेमचा फरक पडला. शेवटचा भाग घसरल्यासारखा वाटतो तो याच कारणाने. फ्रेम मोजू नकोस, वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघून मार्कर टाक.

गर्दीचा टाइमलॅप्स (ठराविक अंतराने एकेक फ्रेम घेऊन केलेला वेगवान शॉट) लुकलुकतोय. कॅमेरा ऑटोवर राहिला असणार. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअल कर. दर 2 सेकंदांना एक फ्रेम आणि शटर साधारण 1 सेकंद ठेव, म्हणजे माणसं उड्या मारत नाहीत, वाहतात. दिवसा एवढ्या शटरला एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काच, लागेलच. 10 सेकंदांच्या शॉटला 240 फ्रेम, म्हणजे 8 मिनिटं कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये. पादचारी पूल गाड्या जाताना हादरतो, म्हणून खांबाजवळची जागा धर. स्टेशनात ट्रायपॉड लावायला रेल्वेची परवानगी लागते, तिचा अर्ज आताच कर. रात्रीच्या साध्या शॉटमध्ये दिव्यांचे पट्टे दिसतात, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. तिथे शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेव.

आता सगळ्यात उपयोगाची परीक्षा. आवाज पूर्ण बंद करून फिल्म बघ. चित्रांचा क्रम तरीही पटला पाहिजे. मग पडदा झाकून नुसतं ऐक. त्यानंतर संगीताचा ट्रॅक 5 सेकंद पुढे सरकवून दोन्ही एकत्र लाव. काही जागा बिघडतील, पण एखाद-दुसरी अशी जुळेल की ती मुद्दाम सुचली नसती. त्या जागा लिहून ठेव. मात्र हा ट्रॅक तात्पुरता आहे हे विसरू नकोस. रोज ऐकून त्याची सवय होते आणि मग संगीतकाराने केलेलं नवं काहीच आवडत नाही. त्याला हा ट्रॅक देऊ नकोस, खुणांची यादी आणि मूक कट दे. 'कोयानिस्कात्सी'तही संगीतावर चित्र कापलं गेलं. त्यामुळे त्याचं काम आलं की तुलाही पुन्हा कापावं लागेल, तेवढे दिवस हाताशी ठेव.

लोकलच्या दारातल्या बाईचा तो लांब शॉट अजिबात कापू नकोस. त्याखाली संगीतही नको, फक्त स्टेशनचा आवाज असू दे. पुढचा कट पाठवशील तेव्हा संगीत आणि मूळ आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर पाठव.

तुझा,
बाबा